नकाशाच्या घडीतली पांदण

सगळ्यात आधी सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुम्ही शोधत बसणार नाही: या हकिकतीत चूक माझी आहे. चौतीस वर्षं मी मोजणीदार होतो. लोकांनी धुरे किती सरकवले, कुठं कोरले, ते शोधणं हेच माझं काम. मग रिटायर झाल्यावर माझीच चूक मला सापडली, आणि बाप्पा, काय सांगू, ती सापडली त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा बढतीच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता. लाजही वाटली. पण आनंद आधी झाला, हे खोटं कशाला बोलू?

मोजणीदार म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. दोन वावरांच्या मधे मातीचा बांध असतो, त्याला आमच्याकडं धुरा म्हणतात. धुऱ्यावरून भांडण झालं की एक जण सरकारात अर्ज करतो आणि मग आम्ही जातो. माझ्या उमेदवारीत लोखंडी साखळी होती, मग तिपाईवरचं यंत्र आलं, आता आकाशातल्या उपग्रहाशी बोलणारी काठी आली आहे. अवजार कोणतंही असो, मोजणीदार आला की दोन्ही शेजारी चहा पाजतात आणि गेला की दोन्ही शिव्या घालतात. राळेगावकडं दोन सख्खे भाऊ एका हिवराच्या झाडापायी सतरा वर्षं बोलत नव्हते. मी मोजलं तर झाड तिसऱ्याच्याच हद्दीत निघालं! दोघं एकमेकांकडं बघून हसले आणि त्या दिवसापासून मिळून मला शिव्या द्यायला लागले. मुकुटबनकडं एका म्हातारीनं धुऱ्यावर बसवून मला पोटभर झुणका-भाकर खाऊ घातली. मोजणी तिच्या विरुद्ध गेली तेव्हा म्हणाली, "माही भाकर तं वापस कर." अशी गिऱ्हाइकं. पण मला ते काम जीव की प्राण होतं.

त्या कामातली एकच रीत इथं लक्षात ठेवा. जी जमीन मोजायची, तिला लागून ज्यांची जमीन असते ते लगतदार. त्यांना आधी नोटीस जाते, आणि मोजणीच्या दिवशी वावरात उभं राहून त्यांची नावं मोठ्यानं पुकारायची. ज्याचं नाव पुकारलं त्यानं "हजर" म्हणायचं. त्याला काही सांगायचं असलं, इथून वाट होती, इथं हद्दीचा गोटा होता, तर तेव्हाच सांगायचं. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला नोटीस नाही आणि त्याचा पुकाराही नाही. चौतीस वर्षांत मला यात काही वावगं वाटलं नाही.

रिटायर झालो आणि आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर, बायपासच्या अलीकडं जो प्लॉटांचा लेआउट पडला होता, तिथं घर बांधलं. नोकरीत असताना त्या लेआउटची जमीन मीच मोजलेली. माझ्या हातची हद्द म्हणून प्लॉट घेतला, एवढा माझा स्वतःवर भरवसा! लेआउटला मागून उंच भिंत आहे, आणि मधोमध नगरपरिषदेची शाळा. शाळा कसली, पाहुण्यांना दाखवायची चीज: पाण्याचं थंड मशीन, संगणक, रंगवलेल्या भिंती. नगरसेवक इथंच राहतात ना. आणि लेआउटमधली पोरं? ती रोज सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये बसून इंग्लिश मीडियमला जायची. एवढ्या देखण्या शाळेत वर्गात नऊ-दहा पोरं.

भिंतीच्या पलीकडं ई-क्लास, म्हणजे ढोरं चरायला सोडलेली सरकारी जमीन. तीन वर्षांपूर्वी तिथं पिंजारपुऱ्याची वस्ती आणून बसवली. पिंजारपुरा आधी गावाच्या ऐन मधोमध, बसस्टँडच्या मागं होता. कापूस पिंजून गाद्या भरणारी मुसलमान माणसं आणि त्यांना लागून मजुरी करणारी बौद्ध माणसं, तीन पिढ्यांपासून. तिथं मार्केटची मोठी इमारत यायची होती, म्हणून घरं उठली. ई-क्लासावर प्रत्येकाला एक तुकडा आणि त्याचा कागद मिळाला. पुऱ्यात दोन खोल्यांची शाळा होती, तीही बंद झाली. शाळेची बाकं ट्रॅक्टरमध्ये घालून आमच्या लेआउटच्या शाळेत आणली. पोट्टे मात्र आणले नाहीत.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असणं आणि खटकणं यात फरक असतो. तो फरक मला नसीमभाभीनं शिकवला.

थंडीच्या आधी आमच्या सौभाग्यवतींनी गाद्या पुन्हा भरायच्या काढल्या आणि नसीमभाभीला बोलावलं. भाभी विधवा, हात असा की तिनं भरलेल्या गादीत एक गाठ सापडायची नाही. नऊला येते म्हणाली आणि आली पावणेअकराला, घामानं भिजलेली, डोक्यावर कापसाचं गाठोडं. मी अंगणात पेपर वाचत होतो. सवयीनं बोललो, की वस्ती तर भिंतीला लागून आहे, एवढा उशीर कायले?

"भिंत वलांडून येऊ का भाऊ?" ती म्हणाली. "बायपासनं आली मी. ट्रकांमधून."

मग गाठोडं सोडता सोडता तिनं सगळं सांगितलं. रागानं नाही, कापूस मोकळा करावा तसं. तिची पोरगी शाहीन पाचवीत, पुऱ्यातल्या शाळेत पहिली यायची. इथं आल्यावर बायपासनं शाळेत जायला लागली. एकदा ट्रकच्या वाऱ्यानं वस्तीतली एक पोरगी सायकलसकट नालीत पडली आणि त्या दिवसापासून आयांनी पोरं घरी ठेवली. शाहीनचं नाव पटावर होतं, पण उन्हाळ्यापर्यंत ती गेली नाही तर नाव कटणार आणि भाभीची जाऊ तिला गाद्यांच्या कामाला लावा म्हणून मागं लागली होती. वस्तीत शाळा द्या म्हणून लोकांनी अर्ज केला होता. उत्तराचा कागद भाभीच्या पिशवीतच होता. मी चष्मा लावून वाचला. लिहिलं होतं, की लहान पोरांना एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असा नियम आहे, आणि नकाशाप्रमाणं वस्तीपासून लेआउटची शाळा सातशे मीटरवर आहे, सबब मागणी मान्य करता येत नाही.

सातशे मीटर! माझं डोकं सटकलं. नकाशावर कुणीतरी पट्टी ठेवली होती, सरळ, भिंतीच्या आरपार. अहो, पोरगी काय कावळा आहे उडत जायला? पेपर बाजूला टाकला आणि म्हणालो, भाभी, गाद्या उद्या भरा, आज आपण मोजू. सौभाग्यवती आतून म्हणाल्या, की झालं, यांना साखळी चढली. खरंच चढली होती.

सायकलच्या मागच्या चाकाला लाल चिंधी बांधली. चाकाचा घेर मोजून घेतला. ही आमची जुनी पद्धत: चिंधी खाली आली की एक फेरा. वस्तीच्या तोंडापासून मी सायकल हातात धरून निघालो, शाहीन शेजारी चालत मोठ्यानं फेरे मोजत होती आणि भाभी मागून. काय आवाज त्या पोरीचा! ट्रक गेला तरी आकडा चुकला नाही. मी मधेच मुद्दाम तिला बोलण्यात गुंतवलं, तर तिनं हातानंच मला थांबवलं आणि आकडा धरून ठेवला. चौतीस वर्षांत असा हाताखालचा माणूस मला मिळाला नाही. बायपास, वळण, पेट्रोल पंप, लेआउटची कमान आणि मग शाळेचं फाटक. साडेतीन किलोमीटरला थोडंच कमी.

फाटकाशी वानखडे मॅडम उभ्या होत्या, मुख्याध्यापिका. त्यांना हकिकत सांगितली तर त्यांनी आम्हाला आत नेलं, चहा दिला. म्हणाल्या, की मला पोरं हवी आहेत हो, रिकामे वर्ग झाडून घेते मी रोज. शाहीन तेवढ्यात वर्गात शिरली आणि एका बाकावर जाऊन बसली. पुऱ्यातलं बाक होतं ते, तिच्याच शाळेतलं. मला म्हणाली, "काका, बाकं कोणत्या रस्त्यानं आली?"

मी उठलो आणि सायकल काढली.

परत जाताना मी भाभीला सांगितलं, की आता मोजमापासकट अर्ज करू, अंतर साडेतीन निघतं, एक तर वस्तीत शाळा देतील नाही तर पोरांना गाडी देतील. भाभी काही खूश दिसली नाही. अर्ज तिनं पुष्कळ पाहिले होते. भिंतीपाशी आलो तेव्हा ती भिंतीला हात लावून म्हणाली, की इथून तर रस्ता होता. तिचे सासरे पिंजण खांद्यावर टाकून खेड्याखेड्यात कापूस पिंजायला जायचे, ते याच रस्त्यानं. गावातली ढोरं ई-क्लासात चरायला यायची तीसुद्धा इथूनच. दोन्हीकडं हिवराची झाडं होती.

मी हसलो. तिला समजावलं, की भाभी, ही जमीन मी स्वतः मोजली आहे, इथं दोन गट, म्हणजे दोन नंबरांची वावरं, एकमेकांना चिकटून आहेत, मधे वाट नाही.

"तुम्ही मोजलं असंल भाऊ," ती म्हणाली. "आम्ही चाललो आहो."

घरी आलो. गच्चीवर चढलो. आणि लेआउटच्या बागेत मला दोन म्हातारी हिवराची झाडं दिसली. समोरासमोर. पाच वर्षं मी त्याच झाडांखाली प्राणायाम करत होतो! त्यांच्या मधलं अंतर डोळ्यानंच मोजलं. सोळा फूट.

आता मोजणीदाराला सोळा फूट म्हटलं की काय आठवतं ते तुम्हाला नाही कळणार. पांदण. म्हणजे दोन धुऱ्यांच्या मधून जाणारी बैलगाडीची सार्वजनिक वाट. ती कुणाच्याच नावावर नसते, म्हणून सगळ्यांची असते. आणि त्याच क्षणी मला ती जुनी मोजणी आठवली. दोन्ही गट मोजले तेव्हा वावर कागदापेक्षा जास्त भरलं होतं. मधे एक पट्टी उरत होती. जुनी मोजणी साखळीची, तिच्यात असा फरक निघतोच, असं म्हणून मी ती पट्टी दोन्ही गटांत अर्धी-अर्धी वाटून टाकली होती. मोठ्या हुशारीनं! दोन्ही गट घेणारा मालक एकच, तो कशाला बोलेल? पलीकडं सरकारी ई-क्लास, त्याचा माणूस आला नव्हता. आणि ज्यांच्या पायाखाली ती पांदण रोज होती, त्यांना मी नोटीस पाठवली नव्हती. त्यांच्या नावावर जमीनच नव्हती ना.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी मी दारात हजर. तिथं आता पूजा आहे, माझ्या हाताखाली शिकलेली मोजणीदार पोरगी. तिला म्हणालो, गावाचा जुना नकाशा काढ, कापडावरचा. ती म्हणाली, सर, तो आता संगणकावर आहे. मी म्हणालो, संगणकावरचा नको, कापडावरचाच दे. तिनं काढला. आठ घड्या घातलेला, कडा विरलेल्या. टेबलावर उलगडला आणि आमच्या गटांवर बोट ठेवलं. दोन्ही गटांच्या मधे बरोबर घडी. घडीवर शाई घासून गेलेली, कापड मळलेलं. जुन्या मोजणीच्या दिवशीही मी हेच पाहिलं होतं आणि घडी म्हणून सोडून दिलं होतं.

पूजानं भिंग दिलं. मी घडी दोन्ही अंगठ्यांनी ताणली. आणि दिसली! टिंबं. एक, दोन, पाच. मग शेजारून दुसरी रांग, पहिलीला समांतर. टिंबांच्या दोन रांगा म्हणजे पांदण. गावातून निघून, दोन गटांच्या मधून, थेट ई-क्लासात. मी असा ओरडलो की शेजारच्या खोलीतले साहेब उठून आले. पूजा म्हणाली, "सर, पण हे मोजलं कोणी होतं?"

"मी," म्हणालो.

तिनं नकाशाची कड सारखी केली. मग हळूच म्हणाली, की तुम्ही लिहून देणार का. मला पेन्शनची भीती नव्हती असं नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नाव. या जिल्ह्यात गुल्हाने मोजणीदाराची हद्द म्हणजे दगडावरची रेघ, असं लोक म्हणायचे. तीच रेघ आता मी स्वतः पुसायची होती. तिथंच बसून कागद लिहिला: मोजणीच्या वेळी पांदण दाखवली नाही, उरलेली पट्टी दोन्ही गटांत वाटली, ही माझी चूक आहे. सही केली तेव्हा छातीत ढोल वाजून राह्यले होते.

तो कागद आणि वाट मोकळी करा म्हणून वस्तीनं केलेला अर्ज तहसीलदारांकडं गेला. अडवलेली वाट मोकळी करून द्यायचा अधिकार त्यांचा. इकडं लेआउटमध्ये बातमी फुटली आणि मी एका दिवसात गावचा वैरी झालो. लेआउटचे अध्यक्ष राऊतसाहेब, बँकेतले, सज्जन माणूस, रोज सकाळी माझ्यासोबत फिरणारे, ते घरी आले. त्यांनी समजावलं, की बाग जाईल, रहदारी वाढेल, आपली इथं लेकरंबाळं आहेत. मी म्हणालो, साहेब, तुमच्या घरी भांडी घासायला येते ती त्या वस्तीतूनच येते, गाद्या भरणारी तिथलीच. ते म्हणाले, "माणसं येऊ द्या ना गुल्हानेभाऊ. रस्ता कायले पाहिजे?"

त्यांना स्वतःलाच ते ऐकून कसंतरी झालं असावं. चहा अर्धा ठेवून ते निघून गेले. दोन दिवसांनी लेआउटवाल्यांचा निरोप आला, की पांदण सरकारी आहे तर आधी गुल्हान्यांनी आपली गाडीची शेड काढावी, कारण तीही पांदणीवरच आहे. मी टेप घेऊन धावलो. खरंच होती! पावणेतीन फूट आत. म्हणजे पांदण मी दोनदा खाल्ली होती, एकदा कागदावर आणि एकदा पत्र्यांनी. त्याच दुपारी पत्रे उतरवले. सौभाग्यवती म्हणाल्या, "शेड गेली तं जाऊ द्या, पण माह्या शेवग्याले हात लावाचा नाही." शेवगा हद्दीच्या आत एक हात निघाला. तो वाचला.

मग फेरमोजणीचा दिवस ठरला. आणि इथं मला एक गोष्ट सुचली, जी आधीच सुचायला हवी होती. वस्तीतल्या लोकांना ई-क्लासावरच्या तुकड्यांचे कागद मिळाले होते. म्हणजे आता ते भिंतीला लागून असलेले लगतदार होते. पूजानं नियमाप्रमाणं सगळ्यांच्या नावानं नोटिसा काढल्या.

भाभीला नोटीस मिळाली तेव्हा ती घाबरत माझ्याकडं आली. सरकारी कागद म्हणजे उठा आणि निघा, एवढाच तिचा अनुभव. मी वाचून दाखवलं, की तुम्हाला कुठं जायला सांगत नाहीत, तुम्हाला बोलावत आहेत. हद्द ठरणार आहे, तुम्ही येऊन सांगा काय माहीत आहे ते. तिनं दोनदा विचारलं, की माझंच नाव आहे ना.

तेव्हाच मी तिला सांगितलं. मनातून टाळत होतो, पण सांगितलं, की ती वाट बुजवणारा मीच. तुमचे सासरे चालायचे ती पांदण मी कागदावरून पुसली, न विचारता.

भाभीनं नोटिशीची घडी घातली. मग म्हणाली, "भाऊ, सालभर माही पोरगी भिंतीशी बसून शाळेची घंटा ऐकून राह्यली. रोज मले सांगे, अम्मी, आता गणिताचा तास." एवढंच. माफ केलं म्हणाली नाही आणि मीही मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं.

मोजणीच्या दिवशी बागेत ही गर्दी. लेआउटचे लोक एका बाजूला खुर्च्यांवर, वस्तीचे लोक दुसऱ्या बाजूला उभे. मी जाऊन उभ्या लोकांत उभा राहिलो. राऊतसाहेबांनी ते पाहिलं, आणि थोड्या वेळानं त्यांनी नोकराला सांगून इकडंही खुर्च्या पाठवल्या. पूजा मधे, हातात यादी. कोवळी पोरगी, पण आवाज खणखणीत. तिनं पुकारा सुरू केला. लेआउटचे मालक, हजर. तलाठी, हजर. मग यादीचं पान उलटलं.

"लगतदार, नसीमबी शेख."

भाभी हलली नाही. तिला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी नाव असेल. शाहीननं तिला कोपर मारलं. पूजानं पुन्हा पुकारलं. आणि मग भाभीनं पदर नीट केला, नोटीस असलेली प्लास्टिकची पिशवी वर धरली आणि म्हणाली, "हजर."

शाळा कधी न शिकलेली बाई. मी तोंड वळवलं, कारण डोळे भरून आले होते आणि लेआउटवाले पाहत होते.

पुढं तिनं हिवराच्या झाडांपाशी जाऊन दाखवलं, कुठून ढोरं यायची, कुठं सासरे पिंजण टेकवून बसायचे. पूजाची काठी जिथं टेकली, तिथंच खणलं तर हातभर खाली हद्दीचा गोटा लागला, जुना, चुना लावलेला. बरोबर तिथं! वस्तीतली म्हातारी माणसं टाळ्या वाजवायला लागली आणि मी त्यांच्याहून जोरात. माझी चूक जमिनीतून निघाली होती आणि मी टाळ्या वाजवत होतो, अशी माझी अवस्था.

आदेश यायला दोन महिने गेले. शाहीनचं नाव मॅडमनी तोवर कसंबसं पटावर टिकवलं. मग एका सकाळी जेसीबी आला आणि भिंतीत सोळा फुटांचं खिंडार पडलं. अजून तिथं कच्ची मातीच आहे, डांबर कधी येईल देव जाणे, आणि बागेतली लॉन गेली म्हणून चार घरं माझ्याशी अजूनही बोलत नाहीत. पुऱ्याची गावातली जागा तर काही परत येत नाही. ती मोजणी माझ्या हातात नव्हती.

पण त्या पहिल्या सकाळी मी सायकल घेऊन पांदणीत उभा होतो, चाकाला लाल चिंधी बांधून. बावीस पोरं निघाली, शाहीन पुढं. मी फेरे मोजायला लागलो तर ती म्हणाली, काका, आज राहू द्या, उशीर होईल. मग मी नुसताच मागं मागं गेलो. शाळेच्या खिडकीबाहेर उभा राहिलो. रिटायर माणसाला दुसरं काम काय?

वानखडे मॅडमनी हजेरीचं रजिस्टर उघडलं. तीन-चार नावं झाली. मग त्या थोड्या थांबल्या आणि त्यांनी नाव घेतलं, शाहीन शेख.

"हजर!"

आईसारखाच आवाज. वस्तीपर्यंत ऐकू गेला असेल.